कॅलिफोर्नियाच्या आधीचे वरूड

आमच्या वरूडला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. पुढारी भाषणात म्हणतात, वर्तमानपत्रे संत्र्याच्या भावाच्या बातमीत म्हणतात, आणि लग्नात व्याही मंडळींना गावाची ओळख करून देतानाही कोणीतरी म्हणतोच. नरखेड-बडनेरा मार्गावरच्या आमच्या स्टेशनाचे नावसुद्धा 'वरूड ऑरेंज सिटी' आहे. अभिमान वाटावा असेच आहे ते. मृगाचा बहार धरलेल्या बागेतून फेब्रुवारीत एकदा तरी चालून बघा, मग मला सांगा.

पण मी पडले शिक्षिका. उपमा दिसली की ती दोन्ही बाजूंनी तपासायची सवय जात नाही. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड गावी ज्या नेव्हल संत्र्याने बागांचे युग सुरू केले ते झाड लागले १८७३ साली. त्याच्या आधी पंचवीस वर्षे, १८४८ मध्ये, तिथे सोने सापडले होते. त्या वेळी तिथल्या मूळ लोकांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती असे अभ्यासक मानतात. संत्र्याचे झाड लागेपर्यंत ते तीस हजारांच्या जवळपास उरले होते. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तल. १८५० साली त्या राज्याच्या पहिल्याच विधिमंडळाने कायदा करून मूळ लोकांना, त्यांच्या पोरांनासुद्धा, वेठीला धरायची सोय करून दिली होती. कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता!

वरूडला असे काही घडले नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाच्या कपाळाला आठ्या पडायला नकोत. इथे जहाज आले नाही, बंदुका चालवत कोणी जमीन मोकळी केली नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. संत्र्याच्या आधी इथे कोण होते, हा प्रश्न आम्ही वरूडकर विचारतच नाही. आणि न विचारण्याची किंमत आजही काही घरांतली मुले दर वर्षी जून-जुलैत मोजतात. ती कशी, ते पुढे येईलच.

आमच्या गावाचा इतिहास तुम्ही कोणालाही विचारा. नागपूरच्या भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपे आणली, मग ती वर्धा नदी ओलांडून इकडे आली, आमच्या आजोबा-पणजोबांनी विहिरी खणल्या, बागा फुलवल्या, बाजार वसला. शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे गौरव अंक, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. त्यात १९४२ चे बेनोड्याचे हुतात्मे येतात, आले पाहिजेतच. गोंड मात्र कुठे येत नाही. आलाच तर शेवटच्या पानावर, संत्रा तोडायला येणाऱ्या मजुरांत. 'ते वरचे लोक,' असे आमच्याकडे म्हणतात. वरचे म्हणजे सातपुड्यातले, बैतूल-छिंदवाड्याकडचे. हंगामाला उतरतात, हंगाम संपला की जातात.

मी स्वतः १९७४ साली लग्न होऊन अकोल्याकडून इथे आले. म्हणजे बाहेरून आलेली मीच. पण पन्नास वर्षांत मला कोणी 'बाहेरची' म्हटले नाही. आणि ज्यांचा पणजा महेंद्रीच्या जंगलाच्या पायथ्याशी जन्मला, ते मात्र अजून 'वरचे'. एकदा शाळेत पालकसभेला आलेल्या एका बाईने हे मला तोंडावर ऐकवले होते. "बाई, आमी त अठचेच आहो. तुमीच सांगा, कुठून आलो आमी?" मी इतिहास शिकवत होते. पुस्तकात शिवाजी महाराज होते, फ्रेंच राज्यक्रांती होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

उत्तर आहे मात्र, आणि फार लांब शोधावे लागत नाही. आमची वर्धा नदी जिथे उगम पावते तो मुलताईचा पठारी भाग. तिथून पुढे बैतूलजवळ खेरल्याचा किल्ला आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खेरल्याचा नरसिंहराय बहामनी सुलतान फिरोजशहाशी लढत होता. अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी' लिहिली, तीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये गाविलगड, नरनाळा यांच्याबरोबर खेरला आहे आणि वऱ्हाडातल्या गोंड जमीनदारांचा उल्लेखही आहे. वर्धेच्या पलीकडे, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, देवगडचे गोंड राज्य. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंदशहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. ज्या नागपूरच्या नावाने आमचे संत्रे जगभर विकले जाते ते शहर एका गोंड राजाने वसवलेले आहे, हे माझ्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल? मी सांगायचे. परीक्षेत येत नसे, म्हणून वहीत कोणी उतरवत नसे.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वरूडच्या उत्तरेला आणि पश्चिमेला तासा-दोन तासांच्या अंतरात भाषांची तीन कुळे एकमेकांना भेटतात. आपली मराठी, म्हणजे वऱ्हाडी, ही संस्कृताच्या कुळातली. गोंडी ही द्राविडी, तेलुगूची बहीण. आणि मेळघाट-बैतूलची कोरकू ही या दोन्हींपेक्षा वेगळी, मुंडा कुळातली. तिची जवळची नाती झारखंडात, संथाळी-मुंडारीशी, आणि लांबची थेट कंबोडियापर्यंत. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. गोंड स्वतःला 'कोयतूर' म्हणवतात. दोघांनीही स्वतःला माणूस म्हटले, 'वरचे' हे आपण म्हटले.

आता आपले लोक कधी आले? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि इथे कोणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचा साचा जसाच्या तसा आणून बसवला तर मी विरोध करीन. कुणबी, माळी, महार, तेली इथे इंग्रजांबरोबर आलेले नाहीत. तेराव्या शतकात आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, तिथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. म्हणजे मैदानात मराठी बोलणारा शेतकरी सातशे वर्षांपूर्वीही होताच. साळबर्डीला महादेव आहे, महानुभावांचे स्थान आहे, आणि डोंगरातले लोकही तिथे पूर्वापार येतात. शिवरात्रीला आपले शेतकरी खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीच्या चौरागडावर जातात, तो गडही गोंड राजांचाच. मैदान आणि डोंगर शेकडो वर्षे शेजारी होते. कधी भांडत, कधी बाजारहाट करत. सीमा होती, पण हलती होती. पाऊस चांगला झाला, गावात मनुष्यबळ असले की नांगर डोंगराकडे सरकायचा. दुष्काळ पडला, पेंढाऱ्यांची धाड आली की गाव ओस पडायचे आणि झाडी खाली उतरायची.

ही हलती सीमा थांबली एकोणिसाव्या शतकात. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या अलीकडचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला, म्हणजे आपण निजामाचे झालो. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. त्यानंतर आली मोजणी. साखळी घेऊन मोजणीदार शिवारात उतरला, बांध आखले, सर्व्हे नंबर पडले, आणि जो सारा भरील त्याच्या नावे जमीन लागली. वरकरणी किती न्याय्य! पण सारा रोख पैशात भरायचा होता. ज्याचे शेत बेवरचे होते, दोन-तीन वर्षे इथे, मग दुसरीकडे, ज्याच्या हातात नाणे क्वचित पडे, त्याच्या नावे नंबर कसा लागणार? जे शिवार त्याच्या वहिवाटीत होते ते कागदावर 'पडीत' ठरले.

त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, १८६१ ते १८६५, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे पुरी झाली. पडीत जमिनी भराभर उचलल्या गेल्या. दुसऱ्या बाजूने १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी डोंगर राखीव झाला. खाली सर्व्हे नंबर, वर राखीव जंगल. मधल्या माणसाला उभे राहायला उरला तो फक्त बांध. तिथून तो आमच्या शेतात सालदार म्हणून आला. पाडव्याला साल ठरायचे, वर्षाची ज्वारी, थोडे पैसे, एक घोंगडी. पुढे विहिरी वाढल्या, संत्रा आला, आणि संत्र्याला तर बारा महिने माणूस लागतो. आळी करायला, ओलित करायला, डिंक्या लागला की खोड खरवडून मलम लावायला. या बागा आमच्या सासऱ्यांनी लावल्या असे आम्ही म्हणतो. लावल्याच. पण ओलिताला रात्री जो उभा राहिला त्याचे आडनाव उईके होते, धुर्वे होते, परतेती होते.

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमे तयार करतात, ती तुम्ही पाहिली असतील. खाली खुंट जंबेरीचा, वर डोळा संत्र्याचा. मूळ जंबेरीचे असते म्हणून झाड जमिनीत तगते. पण खुंटाला फूट आली की माळी ती लगेच काढून टाकतो, नाहीतर झाड जंबेरीचे होऊन बसेल. बागेत हे योग्यच आहे. इतिहास लिहितानाही आपण तेच करत आलो, एवढेच.

माझी एक भाची ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपार्टन या गावी असते. तेही फळबागांचे गाव, नदीच्या कालव्यांवर पोसलेले. नाशपाती, पीच, आणि डबाबंद फळांचा मोठा कारखाना. तिने सांगितले, "मावशी, इथे कोणताही समारंभ सुरू करताना आधी म्हणतात, ही जमीन योर्टा योर्टा लोकांची आहे, आम्ही त्यांच्या पूर्वजांना मान देतो." मला आधी ते फार आवडले. मग मी त्या लोकांविषयी वाचत गेले. त्यांनी आपल्या जमिनीवरचा परंपरागत हक्क मान्य व्हावा म्हणून दावा लावला होता. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या तोंडी परंपरेपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या एका गोऱ्या वसाहतवाल्याने लिहून ठेवलेल्या वर्णनाला जास्त वजन दिले. तुमच्या चालीरीती इतिहासाच्या भरतीने धुऊन नेल्या, अशा अर्थाचे निकालात म्हटले. २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे आधी भाषा सोडायला लावायची, मग विचारायचे, तुमची भाषा कुठे आहे? समारंभाआधी मान देणे सोपे, हक्क देणे अवघड. २०२३ च्या ऑक्टोबरात मूळ लोकांना राज्यघटनेत स्वतंत्र आवाज देण्याविषयीचे सार्वमतही तिथल्या जनतेने नाकारले.

हे वाचून आपल्याला जरा बरे वाटते, नाही का? आपल्याकडे तर घटनेतच अनुसूचित जमाती आहेत. पण थांबा.

६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. तेव्हा आपण जुन्या मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. त्या आदेशात जमातींच्या नावांबरोबर प्रदेशही ठरवून दिले होते. अमरावती जिल्ह्यापुरते बोलायचे तर फक्त मेळघाट तालुका. गोंड, कोरकू मेळघाटात राहत असेल तर तो अनुसूचित जमातीचा. तोच गोंड मोर्शी तालुक्यात राहत असेल (वरूड तेव्हा मोर्शी तालुक्यातच होते) तर तो नाही. सख्खे भाऊ असले तरी! यवतमाळात तसेच, काही तालुके आत, काही बाहेर. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठले आणि १९७७ च्या जुलैत ते अमलात आले. सव्वीस-सत्तावीस वर्षे वरूडचा गोंड कायद्याच्या लेखी आदिवासी नव्हता. ऑस्ट्रेलियात १९६७ च्या सार्वमतापर्यंत मूळ लोकांना देशाच्या लोकसंख्येत धरत नसत, हे आपण पाठ्यपुस्तकी आश्चर्याने वाचतो. १९५१, ६१ आणि ७१ या तिन्ही जनगणनांत वरूडचे गोंड माणूस म्हणून मोजले गेले, जमात म्हणून नाही.

त्याचा आकडाही पाहता येतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मध्ये साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होती, सुमारे ५.९ टक्के. १९८१ मध्ये ती पावणेअठ्ठावन्न लाखांवर गेली, सुमारे ९.२ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. काही लेकरे जन्मली असतील, पण इतकी नाही. बंधन उठल्यामुळे बरेच जण यादीत आले. आणि हेही खरे की नावातल्या साम्याचा फायदा घेऊन ज्यांचा संबंध नाही असेही काही घुसले. म्हणून पडताळणी आली, समित्या आल्या, २००१ चा कायदा आला. खोट्यांना अडवायला चाळणी हवी यात मला शंका नाही. पण चाळणीत अडकतो कोण, ते मी अनेक वर्षे पाहिले आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचेच सांगते. नाव-गाव नको. मुलगा हुशार, इंजिनियरिंगला नंबर लागत होता. वैधता प्रमाणपत्रासाठी १९५० च्या आधीचा पुरावा हवा, आजोबा-पणजोबांचा. आजोबा एका शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. दाखल-खारीज रजिस्टर सुदैवाने सापडले. जातीच्या रकान्यात लिहिले होते, 'हिंदू'. एवढेच. त्या काळी कोणी मास्तर जात विचारायचे, कोणी अंदाजाने लिहायचे, कोणी जात आणि धर्म यांत फरकच करायचे नाहीत. त्या एका शब्दाने पोराचे वर्ष धोक्यात आले. चौकशीला माणसे आली, त्यांनी विचारले, तुमचे देव किती? चार देवे, पाच देवे, सहा, सात? लग्न कोणाशी होते, कोणाशी होत नाही? गोंडी बोलता का? मुलाची आजी देवांचे बरोबर बोलली. गोंडी मात्र घरात दोन पिढ्या कोणी बोलत नव्हते. वरूडच्या शाळेत शिकलेले पोर वऱ्हाडीच बोलणार ना! गोंडी बोलला असता तर वर्गात हसले असते. बोलला नाही तर समितीपुढे अडला.

शेवटी त्याच्या चुलत पणजोबाची जन्माची नोंद दुसऱ्या एका खेड्याच्या कोतवाल बुकात निघाली. १९३० च्या दशकातली. कोतवालाने सांगितले आणि कोणीतरी लिहून घेतले, बापाचे नाव, जात गोंड. त्या दोन अक्षरांवर मुलाला प्रवेश मिळाला. आज तो पुण्याला नोकरीत आहे, दिवाळीला फोन करतो. पण ज्यांच्या गावचे कोतवाल बुक उधईने खाल्ले त्यांचे काय? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चालीरीतींची ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, जुने भरवशाचे कागद असतील तर त्यांना महत्त्व आहे. चांगलेच झाले. पण मग सगळा भार कागदावर आला. आणि कागद कोणाच्या ताब्यात आहे? आपल्या. शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, तहसिलीच्या कपाटांत.

सीमेचीही गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच. १९५६ मध्ये राज्ये पुन्हा आखली तेव्हा बैतूल-छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिले, आपण मुंबई राज्यात आलो. इथल्या गोंडांची सोयरीक मुलताई-पांढुर्ण्याकडे, पूर्वीपासून. लग्न होऊन इकडे आलेल्या मुलीचे सगळे कागद तिकडचे. एका राज्यातल्या जमातीचे फायदे दुसऱ्या राज्यात आपोआप मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितले आहे. मग ती दोन्हीकडे अर्धीच. कुणब्यांच्या मुलीही तिकडून येतात. माझी धाकटी जाऊ पांढुर्ण्याची आहे. तिचे काही अडले नाही.

गोवाऱ्यांविषयी वेगळे लिहीन कधीतरी. आमच्या लहानपणी गावाची गुरे तेच राखायचे. यादीतल्या 'गोंड गोवारी' या दोन शब्दांच्या अर्थावर त्यांचे सगळे आयुष्य टांगलेले. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, बहुतेक बायका आणि लेकरे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हरले. कोणाचे बरोबर हे मी ठरवणार नाही. पण मोर्चा निघाला त्या दिवशी आमच्या गावात कोणाला त्यांचे म्हणणे काय आहे हेही माहीत नव्हते, हे मात्र मी ठामपणे सांगू शकते.

आता आक्षेप. आमच्या घरातच झाले बोलणे, त्यामुळे बाहेर कोणी काय म्हणेल ते मला आधीच कळले आहे. आमचे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता हे उकरून काय मिळणार? आमच्या बापाने काय चोरी केली? कर्ज काढून विहीर खणली, दगड लागला, पुन्हा खणली." त्यांचे खरे आहे. सासऱ्यांनी एका विहिरीपायी सासूबाईंची एकदाणी मोडली होती. आता तर आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत 'डार्क झोन' म्हणून ओळखला जातो. शेकडो फूट बोअर मारूनही धूळ निघते, उभ्या बागा वाळतात, शेतकरी रडकुंडीला आलेला आहे. अशा माणसाला 'तू उपरा' म्हणणे क्रूरपणाचे होईल, आणि खोटेही. मी तसे म्हणतच नाही. कष्ट खरे आहेत. त्यांच्या आधी कोणी होते हेही खरे आहे. एक सांगताना दुसरे पुसावे लागते असे कुठे आहे?

दुसरे कोणी म्हणेल, आपण सगळेच मूळनिवासी, हा भेद कशाला? ऐकायला गोड आहे. पण मग पडताळणीच्या रांगेत सगळ्यांनीच उभे राहिले पाहिजे. आपण उभे राहतो का?

आणि तिसरे, जे मला सर्वांत जास्त खटकते, ते म्हणजे कौतुक. ढेमसा नाच बसवायचा, मोरपिसे लावायची, स्नेहसंमेलनात टाळ्या घ्यायच्या. नाचापुरता आदिवासी सगळ्यांना चालतो.

मला काय हवे आहे ते साधे आहे. गावाचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा तो विहिरीपासून सुरू करू नये. खेरला, देवगड, मोजणी, राखीव जंगल, सालदार, १९५०, १९७६, हे सगळे त्यात यावे, आणि ते सांगायला उईके-धुर्वे मंडळींनाच बोलवावे. आपण लिहून त्यांना नुसते दाखवू नये. पण त्याहून तातडीचे काम आहे ते कपाटांचे. वरूड-मोर्शीकडच्या जुन्या शाळांमध्ये १९५० पूर्वीची जी दाखल-खारीज रजिस्टरे उरली असतील, खेड्यापाड्यांतली जी कोतवाल बुके उरली असतील, त्यांचे पानन्पान फोटो काढून ठेवा. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, खर्च काही नाही. संस्थाचालकांना परवानगी मागावी लागेल. ती मिळेल, दोन खेपा जास्त घालाव्या लागतील इतकेच. निवृत्त शिक्षकांना दुपारचे दुसरे काम तरी काय असते?

आम्ही चौघांनी मिळून दोन शाळांपुरते सुरू केले आहे. कागद ठिसूळ आहे, शाई तपकिरी पडली आहे, काही पानांना उधईने जाळी केली आहे. जिथे बाळबोध अक्षर आहे तिथे काम पटापट होते. घोडे अडते ते मोडीपाशी. जुन्या नोंदींचा बराच भाग मोडीत आहे, आणि माझ्या माहितीत ती सरळ वाचणारे इथे दोघेच उरले आहेत. दोघेही माझ्याहून मोठे. तुमच्यापैकी कोणाला येत असेल, किंवा तुमच्या घरात कोणी असेल, तर पावसाळ्याआधी कळवा.